बी.कॉम.ला गेलेला मुलगा
(गौतमपुरा येथे समाजाच्या गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की आम्ही कार्यकारिणीची माणसे गुणपत्रिकांच्या प्रती गोळा करायला घरोघरी फिरतो. "पुढे काय?" असे विचारले की इंजिनिअरिंगवाल्यांचे उत्तर ओट्यावरूनच ऐकू येते. वाणिज्य शाखेच्या मुलाची आई मात्र जरा खाली बघते आणि म्हणते, "बी.कॉम. करतोय, बघू पुढे." आज आम्हाला त्या "बघू पुढे" बद्दल बोलायचे आहे.

आपण या माळव्यात आलो ते होळकरांच्या फौजेबरोबर, आणि फौजेच्या मागे चालणाऱ्या दप्तराबरोबर. आपल्यातली निम्मी आडनावे काय सांगतात? फडणीस, मुजुमदार, पोतनीस, सबनीस, दप्तरदार. हे सगळे हिशेबाचे हुद्दे आहेत. मुजुमदाराने महसुलाचा जमाखर्च तपासायचा, पोतनिसाने खजिन्याची नोंद ठेवायची, सबनिसाने फौजेच्या हजेरीचा आणि पगाराचा मेळ घालायचा. आज ज्याला वित्तीय व्यवस्थापन म्हणून पदवी मिळते, ते काम आपल्या वाडवडिलांनी मोडी लिपीत केलेले आहे. आणि त्यांच्याच पणतूला वाणिज्य शाखेत जाताना लाज वाटावी?

आपले गाव ज्यांच्या नावाने वसले त्या गौतमाबाई होळकर. मल्हाररावांच्या पत्नी, आणि नात्याने त्यांच्या मामाच्या कन्या. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या नावाने खासगीची जहागीर वेगळी करून दिली. दौलतीचा खजिना निराळा, खासगीचा निराळा. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली, आणि काशी, गया, सोमनाथपर्यंतची देवळे, घाट आणि धर्मशाळा यांचा खर्च त्यांनी त्यातून केला, दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, अशी त्यांची ख्याती आहे. अहिल्याबाईंचे पुण्य आपण दर जयंतीला सांगतो, पण त्यामागचा हिशेब कधी सांगत नाही. दोन खाती कधी मिसळायची नाहीत, हा धडा आजही पदवीच्या पहिल्याच वर्षी येतो. दुकानाचा पैसा आणि घराचा पैसा वेगळा, एवढेच. तेवढे पाळता न आल्यामुळे बंद पडलेली दुकाने इंदुरात आपण सर्वांनी पाहिली आहेत.

याच खासगीची पुढची गोष्टही मुलांनी वाचावी अशी आहे. १९६२ मध्ये या धर्मादाय मालमत्तांसाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. मालमत्तांवर हक्क कोणाचा, त्या विकता येतात का आणि हिशेब कोणाला द्यायचा, यावर मोठा खटला चालला. २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाचा निकाल आला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे आणि मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली तिची नोंदणी झाली पाहिजे. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद आम्ही येथे काढत नाही. ज्या गावाला गौतमाबाईंचे नाव आहे, तेथे या निकालाची चार पाने वाचून दाखवणारा एक तरुण आम्हाला हवा होता आणि तो मिळाला नाही, एवढेच सांगतो.

आता या पदवीत शिकवतात काय? जमाखर्च, ताळेबंद, परिव्यय, कर, अंकेक्षण, बँकिंग, ही नावे आपल्याला माहीत आहेत. पण खरी गंमत पैशाच्या काळमूल्यात आहे. त्यासाठी आपल्या घरचेच उदाहरण घ्या. १८७० च्या सुमारास दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले. दर साडेचार टक्के, मुदत एकशे एक वर्षे. शाळेतला मुलगा म्हणेल, वर्षाला साडेचार लाख व्याज आले आणि शेवटी मुद्दल परत, फार छान. वित्त शिकणारा मुलगा कागद घेऊन बसेल आणि विचारेल, एकशे एक वर्षांनी मिळणाऱ्या त्या एक कोटीची आजची किंमत किती? साडेचार टक्क्यांनीच मागे मोजत आलो तर उत्तर येते सुमारे एक लाख सतरा हजार. म्हणजे या व्यवहारात जवळजवळ सगळी किंमत दरवर्षीच्या व्याजात होती, मुद्दल परत येणे हे नावापुरते. हे गणित एकदा डोक्यात बसले की विम्याचा एजंट "वीस वर्षांनी दुप्पट" म्हणतो तेव्हा माणूस हसतो आणि चहा पाजून त्याला परत पाठवतो. (वीस वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आमच्यापैकी काहींनी तशा पॉलिस्या घेतल्या आहेत, नावे विचारू नयेत.)

खेळते भांडवल हा दुसरा विषय. सोयाबीन विकून हातात पैसा येतो तोच बटाट्याचे बियाणे, खत, मजुरी समोर उभी असते. वर्षाअखेर वहीत नफा दिसतो, गल्ल्यात मात्र रुपया नसतो. हे का होते आणि किती दिवसांची उधारी झेपते, हे मोजण्याची रीत आहे. ती पुस्तकात आहे आणि आपल्या मंडीतही आहे, फक्त दोघांची ओळख करून द्यावी लागते.

हे सगळे आम्ही तळमळीने सांगतो त्याला कारण आहे. आपल्यापैकी अनेकांनी काही वर्षांपूर्वी एका साख संस्थेत ठेवी ठेवल्या होत्या. आम्हीही ठेवल्या होत्या. व्याज बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त होते, संचालक ओळखीचे, गणपतीत शेजारी बसणारे. वार्षिक सभेत छापील अहवाल मिळायचा. आम्ही तो उघडायचो ते फोटोत आपण आलो का बघायला. संस्था बुडाल्यावर जुने अहवाल काढून एका सनदी लेखापालाला दाखवले. थकीत कर्जाचा आकडा दोन वर्षे आधीपासून तेथे छापलेला होता, कोणी लपवलेला नव्हता. आम्हाला वाचता येत नव्हता. एका निवृत्त शिक्षिकेचे आयुष्यभराचे पैसे त्यात गेले, आणि त्या अजूनही आम्हाला भेटल्या की त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. ते आम्हाला जास्त लागते.

येथे एक गोष्ट सर्वांनी लिहून घ्यावी. बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण असते, सहकारी बँकेतल्याही. त्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. साख संस्था किंवा पतसंस्था ही बँक नव्हे, तिच्यातल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पाटीवर काय लिहिले आहे ते नीट वाचा.

आता शिक्षणाच्या सोयीकडे येऊ. इंदूर येथून पन्नास-साठ किलोमीटर. रेल्वे आहे, पण स्टेशनच्या नावातच 'रोड' आहे, तेव्हा ते गावाला किती चिकटून आहे हे सांगायला नको. इंदूर विद्यापीठ १९६४ मध्ये सुरू झाले, १९८८ पासून त्याला देवी अहिल्येचे नाव आहे. तेथे बी.कॉम., बी.बी.ए. असे मार्ग आहेत. भारतीय प्रबंध संस्थेने २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही इंदुरात चालवला आहे, पण तेथली फी आणि चुरस दोन्ही मोठी. आमच्या मते बहुतेकांसाठी साधी बी.कॉम. उत्तम. पंचावन्न टक्के मिळाले तर सी.ए.च्या इंटरमिजिएटला थेट प्रवेश मिळतो, आणि २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. शिवाय आपल्या राज्यात २०२१-२२ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू आहे. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका मिळते, चौथे वर्ष ज्याला हवे त्याला.

हा शेवटचा मुद्दा मुलींच्या घरच्यांसाठी. दरवर्षी एखादी मुलगी तरी चांगले गुण असून घरी बसते, कारण संध्याकाळची बस. "दादा, मला शिकायचं आहे, पण आई एकटं पाठवत नाही," असे यंदाही एकीने सांगितले. इंदुरात आपल्याच नातेवाइकांची घरे आहेत, मावश्या आणि आत्या आहेत. एक खोली, दोन वेळचे जेवण, तीन वर्षे. समाजाने हे जमवले नाही तर गुणगौरवाचे हे हार-तुरे आम्हाला शोभत नाहीत.

आता थोडे राजकारण, कारण हे पत्रक त्यासाठीच निघते. मतांच्या मोजणीत या गावात आपण थोडे आहोत, हे सर्व पक्षांना माहीत आहे. पण नगर परिषदेचा अर्थसंकल्प वाचायला मते लागत नाहीत. चुंगी क्षतिपूर्ती किती आली, वित्त आयोगाचे अनुदान किती, पाणीपट्टीची वसुली किती आणि नळावर खर्च किती, हे २००५ च्या माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. उमेदवार दारात येतो तेव्हा "आमच्या गल्लीचे बघा" म्हणण्याऐवजी मागच्या दोन वर्षांचे आकडे त्याच्यासमोर ठेवले तर तो बसतो, पाणी मागतो आणि नीट बोलतो. हा अनुभव आम्ही एकदा घेतला आहे. आकडे काढून देणारी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी होती.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आपल्या गावी तुर्रा आणि कलगी यांचे हिंगोट युद्ध होते. त्याच दिवशी आपल्याकडे नवी वही उघडतात. यंदा सकाळी नऊ वाजता, हिंगोटाची गडबड सुरू होण्याआधी, समाजाच्या सभागृहात आपण आपल्याच संस्थेचा मागच्या वर्षीचा जमाखर्च उघडणार आहोत. वाचून दाखवतील वाणिज्य शाखेचे विद्यार्थी, आणि प्रश्न कोणीही विचारावेत, आम्हालासुद्धा. खजिनदारांनी पावत्यांची फाईल आणायचे कबूल केले आहे. पोह्यांची व्यवस्था महिला मंडळाकडे आहे.