यंत्र मागण्यापूर्वी

(तळेगाव (श्यामजी पंत) येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



बैठकीचे निमंत्रण पाठविताना तुमच्या चिटणिसांनी एका ठरावाचा मसुदाही माझ्याकडे पाठविला होता. या भागातील सरकारी रुग्णालयात सी.टी. स्कॅन यंत्र त्वरित बसवावे, अशी मागणी त्यात आहे. कारणे सबळ आहेत. नागपूर-अमरावती महामार्ग तुमच्या गावावरून जातो, अपघात होतात, डोक्याला मार लागलेला माणूस गाडीत घालून अमरावतीला किंवा नागपूरला न्यावा लागतो, आणि खासगी केंद्रात त्या तपासणीसाठी संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या मजुराला कर्ज काढावे लागते. श्रीमंताला जे यंत्र उपलब्ध आहे ते गरिबालाही मिळाले पाहिजे, हे समतेचे तत्त्व आपणा सर्वांना मान्य आहे. तरीही हा ठराव आहे तसा मंजूर करू नये, असे सांगण्यासाठी मी येथे उभा आहे. मी वैद्य नाही; आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. त्यामुळे औषधोपचाराविषयी अधिकारवाणीने बोलणार नाही. हिशोबाविषयी मात्र बोलेन.

प्रथम घरचा अनुभव सांगतो. माझ्या वडीलबंधूंना काही वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयात दाखल केले होते. रुग्णालयाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी निदान करून उपचार सुरू केले. त्यानंतर दोन महागड्या तपासण्या लिहून दिल्या, त्यांसाठी तीन दिवस रांगेत काढले, चौथ्या दिवशी अहवाल हाती आला. उपचारात एका गोळीचाही फरक पडला नाही. भाऊ बरे झाले, आणि घरात सगळे म्हणू लागले की यंत्राने वाचविले. माणूस बरा झाला की श्रेय नेहमी सर्वांत महाग वस्तूला जाते, हा मनुष्यस्वभावच आहे.

या स्वभावाला १९७२ साली आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरने एका छोट्या पुस्तकात आव्हान दिले. एखादा उपचार खरोखर उपयोगी पडतो काय, हा त्याचा पहिला प्रश्न. आणि पडत असेल, तर तो पुरविण्याची आपली पद्धत योग्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याला परिणामकारकता म्हणावे, दुसऱ्याला कार्यक्षमता. कॉक्रनची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. हृदयविकाराच्या रुग्णाला खास अतिदक्षता विभागात ठेवणे बरे की घरी, याची चाचणी चालू होती. प्राथमिक आकडे घराच्या बाजूने किंचित झुकत होते. त्याने मुद्दाम आकड्यांची अदलाबदल करून तज्ज्ञांना दाखविले. तज्ज्ञ संतापले, घरी उपचार करणे अनैतिक आहे, चाचणी ताबडतोब थांबवा, म्हणाले. तेव्हा त्याने खरे आकडे पुढे ठेवले आणि विचारले, मग आता अतिदक्षता विभाग बंद करू या ना? सभेत शांतता पसरली.

अशी परीक्षा विलायतेतच होते असे नाही. जगाने दखल घेतलेली एक परीक्षा आपल्या मराठवाड्यात झाली आहे, आणि तिची हकिगत मी थोडी विस्ताराने सांगणार आहे. कारण ती आपल्यालाही अडचणीत टाकणारी आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा गरीब स्त्रियांचा रोग. तो लवकर ओळखला तर बाई वाचते. ओळखण्याच्या तीन रीती आहेत. पहिली पेशींची, म्हणजे पॅप तपासणी. तिच्यासाठी प्रयोगशाळा आणि तरबेज तज्ज्ञ लागतो. दुसरी अगदी स्वस्त: सौम्य असेटिक आम्ल, म्हणजे आपल्या भाषेत व्हिनेगर, लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. तिसरी एचपीव्ही या विषाणूचा शोध घेण्याची. ती तिन्हींत महाग. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात या शतकाच्या आरंभी बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट पाडले. एकेका गटात एकतीस ते चौतीस हजार स्त्रिया. तीन गटांत एकेक पद्धत एकदाच वापरली. चौथ्या गटात नेहमीची, म्हणजे जवळपास कोणतीच नाही. दोष आढळलेल्या बाईला पुढील तपासणी व उपचार मिळतील अशी व्यवस्था केलेली होती. आठ वर्षांनी मृत्यू मोजले. चौथ्या गटात या रोगाने ६४ स्त्रिया गेल्या होत्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. उरलेल्या दोन गटांत मृत्यूंत निश्चितपणे सांगता येईल अशी घट दिसली नाही. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे पाहा, महाग तंत्र जिंकले आणि स्वस्त तंत्र हरले. साधे, स्वस्त, गावात होणारे ते चांगलेच असणार, असा आपल्या चळवळीत एक भाबडा समज आहे. मी स्वतः त्या समजातच वाढलो. उस्मानाबादने तो मोडला. पण गोष्ट येथे संपत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानेच सुमारे दीड लाख स्त्रियांची दुसरी चाचणी केली. तेथे तीच व्हिनेगरची तपासणी, डॉक्टरांनी नव्हे तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी, दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा केली. आणि बारा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एकाच तंत्राचे दोन ठिकाणी दोन निकाल. कोणी केले, किती वेळा केले, मागाहून उपचार मिळाला की नाही, यावर सारे अवलंबून. मूल्यमापन करायचे ते या सगळ्या व्यवस्थेचे. एकट्या यंत्राचे करून भागत नाही.

दोन्ही चाचण्यांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी दिली गेली नाही, यावर नंतर कडक टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. जे ज्ञान मिळाले त्याची किंमत त्या गटांतील स्त्रियांनी दिली. म्हणूनच, इतक्या किमतीने मिळालेले ज्ञान कपाटात ठेवून केवळ जाहिरातीवर यंत्रे घेणारे शासन मला दुप्पट दोषी वाटते.

परीक्षेवाचून तंत्र बाजारात सोडले की काय होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. गर्भजलपरीक्षा व्यंग शोधण्यासाठी आली आणि मुली शोधण्यासाठी वापरली गेली. स्त्री-संघटनांनी रान उठविले, तेव्हा १९८८ साली देशात प्रथम महाराष्ट्राने कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तोवर सोनोग्राफी गावोगाव पोहोचली होती. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. यंत्रात दोष नव्हता.

त्याच १९८८ साली केंद्राने आयात वैद्यकीय यंत्रांवरील सीमाशुल्क माफ केले. अट अशी की बाह्यरुग्णांपैकी ४० टक्क्यांना मोफत उपचार द्यावेत आणि महिना ५०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्यात. यंत्रे आली. अटींचे प्रकरण मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जनतेने शुल्क सोडले, म्हणजे जनतेने त्या यंत्रात भांडवल घातले. आणि भागधारकाला दारातही उभे केले नाही.

भांडवल गुंतले की ते फिरले पाहिजे. येथे माझे शास्त्र उपयोगी पडते. भाजीच्या बाजारात गिऱ्हाईक ठरविते की वांगी किती घ्यायची. औषधोपचारात गिऱ्हाईकाला काय हवे ते विकणाराच ठरवितो. म्हणून येथे पुरवठा वाढला की मागणी आपोआप वाढते. यंत्राचा हप्ता चुकत नाही, तो फेडायला रोज अमुक रुग्ण हवेत, आणि ते पाठविणाऱ्याला वाटा हवा. विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून कोकणात असंख्य जीव वाचविणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ साली एका तपासणी केंद्राने १,२०० रुपयांचा धनादेश धाडला. त्यांनी एक रुग्ण एम.आर.आय.साठी पाठविला होता, त्याची ती दलाली. त्यांनी तो खिशात न घालता वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. असे बावस्कर किती?

आपण चळवळीतले लोकही येथे अर्ध्यावरच थांबतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या स्टेंटच्या किमतीविरुद्ध ओरड झाली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. तो विजय होता, मी नाकारीत नाही. पण २००७ सालीच अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने दाखविले होते की ज्यांचा विकार स्थिर आहे अशा रुग्णांत औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्याने मृत्यू किंवा झटके कमी होत नाहीत. झटका आलेल्याची गोष्ट निराळी. तेथे स्टेंट जीव वाचवितो. आपण भाव विचारला. गरज आहे का, हे विचारलेच नाही. अनावश्यक वस्तू स्वस्त झाली तरी ती गरिबाला महागच.

आता कार्यक्षमतेविषयी. हा शब्द ऐकताच आपले कार्यकर्ते सावध होतात, कारण तो बहुधा नोकरकपातीच्या आधी येतो. परंतु तो शब्द मालकांना आंदण देण्याचे कारण नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने देशभर सरकारी रुग्णालयांतील साडेसात लाखांवर उपकरणांची मोजणी केली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. त्यानंतर २०१५ पासून देखभालीची योजना आली. २०२१ च्या साथीत औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला दीडशे व्हेंटिलेटर आले; वापरायला काढलेले ११३ सदोष निघाले, असे उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे मांडले गेले. केंद्राचे म्हणणे पडले की यंत्रे ठीक आहेत, चालविणाऱ्यांना शिक्षण नाही. कोण खरे, हा वाद बाजूला ठेवला तरी खाटेवरच्या माणसाला दोन्हींचा अर्थ एकच. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागून दहा बाळे गेली. काचेच्या पेट्या होत्या. त्यांच्यापाशी रात्रभर जागे असणारे माणूस आणि वायरिंगकडे पाहणारा डोळा, यांची किंमत कोणत्या अंदाजपत्रकात धरली होती?

आणि रुग्णालयाच्या हिशोबवहीत एक खर्च कधीच चढत नाही. मजूर सकाळी निघतो, केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, डॉक्टर तपासणी लिहितात, यंत्रचालक दुपारी निघून गेलेला असतो, उद्या या म्हणतात. दोन दिवसांची मजुरी, दोन माणसांचे एस.टी.चे भाडे, सोबत आलेल्या बायकोची बुडालेली निंदणाची रोजी. रुग्णालयाच्या लेखी तपासणी मोफत आहे. ज्या दिवशी हा खर्च रुग्णालयाच्या खात्यात धरला जाईल, त्या दिवशी कार्यक्षमता हा आपला शब्द होईल.

याच जिल्ह्यात त्याचा एक प्रयत्न झाला आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्य योजना उभी केली. सुगीत ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी, अधिक जमीनवाल्याची अधिक. गावातील बहुसंख्य कुटुंबे आल्याशिवाय गाव योजनेत घ्यायचे नाही. आणि अचानक आलेल्या आजारात रुग्णालयाचा उपचार मोफत. त्या ज्वारीने रुग्णालयाचा खर्च भागत नव्हता हे उघड आहे. पण ज्याने पायलीभर ज्वारी दिली, तो दारात याचक म्हणून येत नाही; हिशोब विचारायला येतो.

तुमच्यापैकी एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मघाशी चहाच्या वेळी मला अडविले. म्हणाले, "मंग सर, आमी मशीन मांगूच नाही का?" मागा. पण कशासाठी, ते ठरवून मागा. डोक्याला मार लागलेल्यासाठी म्हणाल, तर सी.टी. स्कॅनने रक्तस्राव दिसेल. तो काढणारा शल्यचिकित्सक येथे नाही. मग ती अर्धी घटका येथे यंत्राखाली घालविण्यापेक्षा, यंत्र आणि शल्यचिकित्सक दोन्ही जेथे आहेत तेथे नेणारी सुसज्ज १०८ गाडी महामार्गावर उभी असणे अधिक मोलाचे. पक्षाघातासाठी म्हणाल, तर हिशोब बदलतो. मेंदूत गाठ अडकली की रक्त सांडले, हे त्या तपासणीवाचून कळत नाही, आणि गाठ विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. तेथे जवळचे यंत्र माणसाला लुळेपणापासून वाचवू शकेल. मात्र ते रात्री दोनलाही चालले पाहिजे, चित्र वाचणारा तज्ज्ञ निदान दूरध्वनीवर हवा, आणि ते औषध कपाटात हवे. औषध नसेल, तर यंत्र केवळ बातमी देईल.

२०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात तंत्रज्ञानाच्या अशा मूल्यमापनाची यंत्रणा आहे. तिचे अहवाल इंग्रजीत निघतात. ते मराठीत जिल्हा परिषदेपुढे ठेवावेत, ही मागणी आपल्यापैकी कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा ठरावात माझी दुरुस्ती अशी आहे. 'यंत्र त्वरित बसवावे' या शब्दांच्या जागी घालावे: या भागातून गेल्या वर्षी किती रुग्ण कोणत्या कारणाने बाहेर धाडले आणि त्यांचे पुढे काय झाले, याची माहिती शासनाने दोन महिन्यांत प्रसिद्ध करावी, यंत्र दिल्यास तीन पाळ्यांचे तंत्रज्ञ, देखभालीचा खर्च आणि औषधे यांची तरतूद त्याच आदेशात असावी, आणि यंत्र किती तास चालले, किती तास बंद होते, याचा फलक रुग्णालयाच्या दारावर दर महिन्याला लावावा. फलक लागला नाही, तर तो विचारायला कोण जाणार, त्या दोघांची नावे आजच लिहून घ्या.