मनातले एकत्र कुटुंब

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाचे नाव मी कळविले तेव्हा चिटणीसबाईंनी विचारले, "म्हणजे सासू-सुनांविषयी बोलणार का?" मी म्हटले, तसेच समजा. फक्त या सासवा, नणंदा नि जावा बाहेरच्या नव्हेत, आपल्या डोक्यातच बिऱ्हाड करून राहिलेल्या आहेत.

रविवारी दुपारी जरा पाठ टेकावी म्हणून आपण आडव्या होतो. लगेच आतून एकजण म्हणते, "लोळतेस काय? माळा आवरायचा राहिलाय." दुसरी म्हणते, "पडू दे की गं तिला, आठवडाभर गाडीत उभी असते." या दोघींच्या भांडणात तिसरीच कोणी तरी कारण नसताना रडू लागते, आणि माळाही आवरला जात नाही नि झोपही होत नाही. 'एक मन म्हणते जा, दुसरे म्हणते नको' असे आपण सहज बोलतो. त्याबद्दल आपल्याला कोणी वेडे ठरवीत नाही.

रिचर्ड श्वार्ट्झ नावाच्या अमेरिकन मानसतज्ज्ञांनी हेच बोलणे गंभीरपणे ऐकले. मूळचे ते कुटुंबांवर उपचार करणारे, म्हणजे आई, बाप, मुले यांना एकत्र बसवून त्यांची भांडणे समजून घेणारे. १९८०नंतरच्या सुमारास शिकागोत त्यांच्याकडे काही तरुण मुली येत. त्या अतोनात खात आणि मग मुद्दाम उलट्या काढीत. त्या सांगत, "माझ्यातली एक मला नावे ठेवते, मग दुसरी खायला लावते." श्वार्ट्झ यांच्या ध्यानात आले की आतल्या या मंडळींचे वागणे हुबेहूब घरातल्या माणसांसारखे आहे. त्या एकमेकींचे पक्ष घेतात, एकीवर डोळा ठेवतात, दुसरीला पाठीशी घालतात. मग घराला लावायची रीत त्यांनी मनाला लावली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९९५ साली निघाला. या उपचारपद्धतीच्या नावाचा आपल्या भाषेत सरळ अर्थ 'आतली कुटुंबव्यवस्था' असा होईल.

या घरात तीन तऱ्हेची माणसे असतात. पहिली कारभारीण. यादी करणारी, चार वाजता उठविणारी, 'लोक काय म्हणतील' हे आधीच ओळखणारी. दुसरी आगीच्या बंबावरची. दुःखाचा भडका उडाला की ती धावते, आणि बंबवाल्यांना जसे घरातले सामान भिजेल याचे भान नसते तसे हिलाही नसते. डबाभर चकल्या संपविणे, गरज नसताना साड्या मागविणे, रात्री दोनपर्यंत फोन चाळणे, घरच्यांवर खेकसणे, पुरुषांच्या बाबतीत बहुधा बाटली, ही सारी तिची पाण्याची नळकांडी. तिसरी अडगळीच्या खोलीत कोंडलेली. जुन्या भयाचे वा अपमानाचे ओझे तिच्यापाशी असते. तिचे रडे ऐकू येऊ नये म्हणूनच बाकीच्या दोघींची एवढी धडपड चाललेली असते.

आपल्या नातवंडांनी 'इनसाइड आउट' हा २०१५ सालचा व्यंगपट पाहिला असेल. त्यात आनंदी नावाचे पात्र खडूने एक वर्तुळ आखते आणि दुःखीला सांगते की याच्या बाहेर यायचे नाही. तो चित्रपट काही या उपचारावर बेतलेला नाही, पण कोंडलेली म्हणजे काय हे त्या एका वर्तुळावरून मुलांनाही कळते.

आपल्याला हे अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. एकनाथमहाराजांच्या एका भारुडातली सून सासरा, सासू, जाऊ, नणंद सगळ्यांचा निकाल लाव म्हणून भवानीला साकडे घालते, आणि कीर्तनकार सांगतात की हे सासरचे लोक म्हणजे आपल्याच आतले विकार. भारूड रंगते खरेच. पण या उपचाराची वाट नेमकी तेथे वेगळी होते. येथे कोणालाही घराबाहेर काढावयाचे नाही. मला स्वतःला येथे रामदासस्वामी जवळचे वाटतात. २०५ श्लोक त्यांनी मनाला उद्देशून लिहिले, उपदेश कडक केला, पण सुरुवातीलाच मनाला सज्जन म्हणून हाक मारली. दरडावलेल्या माणसाकडून खरे कधी बाहेर पडत नाही, हे आपण मुले वाढविताना पाहिलेच आहे.

'हे तर आपल्या वेदान्तातले साक्षित्वच' असे कोणी म्हणेल. श्वार्ट्झही म्हणतात की या सर्वांपलीकडे प्रत्येकात एक शांत, कुतूहल असलेला, मायाळू 'स्व' असतो. पण वेदान्तातला साक्षी नुसता पाहतो, आणि हा 'स्व' उठून अडगळीच्या खोलीचे दार वाजवतो. हा फरक मला लहान वाटत नाही.

आता दार वाजवायचे म्हणजे काय, ते माझ्याच घरातल्या एका चौकीदारणीच्या गोष्टीवरून सांगते.

२६ जुलै २००५ची आठवण येथे बहुतेकींना असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे उल्हास नदीने कल्याण-बदलापुरात घरे बुडविली. मी तेव्हा फोर्टमधल्या कचेरीत होते. दुपारी लवकर सोडले म्हणून धीमी गाडी पकडली, ती शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये उभी राहिली ती राहिलीच. डब्यात अंधार, खाली पाणी, फोन मुका. डोंबिवलीला सहा वर्षांची मुलगी, तिचे वडील कामासाठी परगावी. दुसऱ्या दिवशी काही रुळांवरून, काही रस्त्याने, मिळेल त्या वाहनाने मी संध्याकाळी घरी पोचले. शेजारच्या काकूंनी लेकीला जेवू घालून आपल्याजवळ निजविले होते. मी गेले तेव्हा ती पत्ते खेळत होती.

त्या रात्रीपासून माझ्यात एक चौकीदारीण उभी राहिली. लेक शाळेतून, पुढे कॉलेजातून, मग ऐरोलीच्या कंपनीतून यायला दहा मिनिटे उशीर झाला की ती फोन लावू लागे. एकदा गाड्या रखडल्या त्या दिवशी तिने सतरा वेळा लावला. लेक तेव्हा कसल्याशा बैठकीत होती. ती घरी येऊन शांतपणे म्हणाली, "आई, तू मला बघत नाहीस, घड्याळ बघतेस." महिन्याभरात ती ऐरोलीलाच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली.

झोप उडाली म्हणून मी ठाण्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी विचारले, "ही फोन लावणारी शरीरात कुठे जाणवते?" मी बरगडीखाली हात ठेवला. "तिच्याविषयी तुम्हांला काय वाटते?" मी म्हटले, "राग येतो. तिच्यामुळे माझी लेक गेली." त्या म्हणाल्या, "हा राग करणारी आणखी एक आहे. तिला सांगा, जरा बाजूला बस, आम्हांला हिचे ऐकू दे." हसू नका, मलाही प्रथम हसूच आले होते. पण रागाला बाजूला बसविल्यावर पुढचा प्रश्न निराळाच ऐकू आला: "हिने फोन लावायचे थांबविले तर काय होईल असे हिला वाटते?" उत्तर माझ्या तोंडून आपोआप निघाले. पोर अंधारात एकटी राहील. "हिच्या मते आत्ता साल कोणते चालले आहे?" मी गप्प झाले. तिच्या मते अजून २००५च चालले होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी कोंडलेली सापडली. मला वाटले होते, ती माझी सहा वर्षांची पोर असेल. ती मीच निघाले, त्या डब्यातली, तहानलेली. घरी आल्यावर सगळ्यांनी मुलीची खुशाली सांगितली, मी पदर खोचून कुकर लावला, आणि तुझे काय झाले हे मला कोणी विचारले नाही. साऱ्या शहरानेच तसे केले म्हणा. तिसऱ्या दिवशी सगळे कामावर हजर, आणि वर्तमानपत्रांत मुंबईच्या 'स्पिरिट'चे कौतुक! त्या शब्दामागे लाखो कारभारणी कंबर कसून उभ्या होत्या, असे मला आता वाटते.

लेक आजही ऐरोलीलाच राहते. शनिवारी येते. पाऊस असला की चौकीदारीण खिडकीपाशी जाते, मी तिच्या शेजारी उभी राहते आणि फोन एकदाच लावते.

हा उपचार म्हणजे रामबाण आहे असे मुळीच नाही, आणि त्याच्यावरचे संशोधन अजून थोडे आहे. आपल्यातल्या सांधे धरलेल्या भगिनींसाठी एक सांगते. अमेरिकेत संधिवाताच्या ७९ रुग्णांवर नऊ महिने प्रयोग झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ही पद्धत शिकली त्यांची वेदना आणि मनाची खिन्नता, नुसती आजाराची माहिती दिलेल्यांपेक्षा अधिक कमी झाली. एवढ्यावर औषधाची गोळी कोणी बंद करू नये. ज्यांना खरोखर कानांत आवाज ऐकू येतात, जगणे नको वाटते किंवा भ्रम होतात, त्यांनी हा खेळ घरी एकट्याने मुळीच करू नये. त्यांना आधी मनोविकारतज्ज्ञच हवा.

आमच्या लहानपणी कोणी विचित्र वागले की 'याला ठाण्याला न्या' म्हणत, कारण १९०१ सालापासूनचे मनोरुग्णालय तेथे. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' काढली आणि मनाचे दुखणे घेऊन चारचौघांसारखे जाता येते हे या भागाला दाखविले. मी गेले त्या बाई स्वतंत्र काम करणाऱ्या होत्या. कोणाकडेही जा, पण या पद्धतीचे शिक्षण कोठे घेतले हे आधी खुशाल विचारा. भाजीवाल्याला आपण दहा प्रश्न विचारतो, येथे का लाजावे? आणि जाणे जमतच नसेल तर सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. ज्यांना काही विचारावयाचे आहे त्यांनी चहाच्या वेळी मागच्या बाकावर यावे, मी तेथे बसते.