एक भोपळा, एक तार



आज मी तुम्हांला माझ्या छंदाविषयी चार शब्द सांगणार आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एकतारी आणि तुणतुणी बनवतो.

ही वाद्ये आपल्या ओळखीचीच. भजनात एकतारी वाजते. गोंधळात आणि पोवाड्यात तुणतुणे वाजते. पण ती बनतात कशी?

एकतारीला लागते तरी काय? वाळलेला कडू भोपळा, वेळूची दांडी, शेळीचे कातडे, घोडी, खुंटी आणि तार. झाले!

हा भोपळा खायचा नव्हे. त्याची साल जाड व टणक असते. तो वेलावर चांगला पिकू द्यावा. मग वाळवावा. हलवल्यावर आत बी खुळखुळ वाजले, की तो तयार झाला. त्याचे तोंड कापून आतला गर काढावा. कडा घासून सारख्या कराव्यात. दांडी आरपार बसवावी. ओले कातडे तोंडावर ताणून बसवावे आणि सावलीत वाळू द्यावे. वाळता वाळता ते आपोआप आवळते. कातड्यावर लाकडाची लहानशी घोडी ठेवावी. तिच्यावरून तार नेऊन वरच्या खुंटीला गुंडाळावी. खुंटी पिळली की सूर चढतो. सैल केली की उतरतो.

नुसती तार छेडली तर आवाज बारीक येतो. मग एकतारीचा आवाज मोठा का? तार थरथरते. ती थरथर घोडीतून कातड्याला पोचते. कातडे हलते, पोकळ भोपळ्यातली हवा हलते आणि आवाज भरून येतो. यात जादू नाही बरं का, हे शास्त्र आहे.

तुणतुण्याला भोपळ्याऐवजी लाकडाचा पोकळ नळा लागतो. त्याचे खालचे तोंड कातड्याने मढवतात. बाजूला काठी ठोकतात. कातड्यातून निघालेली तार काठीवरच्या खुंटीला जाते.

आपल्या मिरजेचे सतार-तंबोरे तर नामांकित. पूर्वी हत्यारांना धार लावणारे शिकलगार तिथे वाद्ये घडवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्यांचे मोठे भोपळे पिकतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात. कारागीर कितीही हुशार असला, तरी भोपळा शेतकऱ्यानेच लावावा लागतो.

आता उसाला पैसा मिळतो. कडू वेल कोण लावील? पण वेल गेला की बी गेले. बी गेले की वाद्य गेले.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. बांधावर एक कडू वेल लावा. त्याचे बी जपून ठेवा. गावात कोणी जुना वाद्य करणारा असेल, तर पोरांना त्याच्याजवळ बसवा. सप्ताहात आपण वीणा खाली ठेवत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वाद्य करण्याची विद्याही तशीच पुढच्याच्या हाती द्यायची असते.

राम राम.