मोठा नव्हे, सावकाश श्वास



बाजारात, बसमध्ये किंवा परीक्षेच्या वर्गात एखाद्या व्यक्तीची छाती एकाएकी धडधडू लागते, हातापायांना मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आता श्वास कोंडून मृत्यू येणार, असे तिला वाटू लागते. भोवती जमलेली माणसे धीर देण्यासाठी सांगतात, "मोठमोठे श्वास घे." हा सल्ला सद्भावनेचा असला, तरी अशा वेळी तो बहुधा अपायकारकच ठरतो. असे का व्हावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

श्वास म्हणजे केवळ प्राणवायू आत घेणे, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु श्वासोच्छ्वासाची गती मुख्यत्वेकरून रक्तातील कार्बन डायॉक्साइडच्या प्रमाणावर ठरते, हे हाल्डेन व प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. विश्रांती घेत असलेली प्रौढ व्यक्ती दर मिनिटास साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेते. निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू एवढ्यानेच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. त्यामुळे जोरजोराने श्वास घेतला तरी त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायॉक्साइड मात्र गरजेपेक्षा अधिक बाहेर टाकला जातो.

हा वायू केवळ टाकाऊ नव्हे. त्याचे प्रमाण घटले की मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकुंचन पावतात व भोवळ येते. रक्तातील आम्ल-अल्कांचा समतोल ढळतो आणि मुक्त कॅल्शियम कमी होते. परिणामी ओठांना व बोटांना मुंग्या येतात, तर कधी बोटे आखडून वाकडी होतात. म्हणजे हवा कमी पडत असल्याची भावना होते, आणि प्रत्यक्षात श्वसन गरजेहून अधिक झालेले असते. यालाच अतिश्वसन म्हणतात.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात अनेक सैनिकांना धडधड, धाप व छातीतील वेदना यांनी ग्रासले होते. परंतु त्यांच्या हृदयात दोष आढळत नव्हता. डॉ. डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने या चक्राची मीमांसा केली. शरीरातील साध्या बदलाचा अर्थ मन 'हृदय बंद पडत आहे' असा लावते. त्या भयाने धडधड वाढते. वाढलेली धडधड भयाला आणखी खतपाणी घालते. अर्थात प्रत्येक झटक्याचे मूळ अतिश्वसनातच असते, असे नव्हे. तथापि या चक्रात श्वास ही एकच क्रिया अशी आहे की जी माणसाला स्वेच्छेने आवरता येते.

सतत चिंतेत असणाऱ्या पुष्कळ व्यक्ती छातीच्या वरच्या भागाने, तोंडाने, भराभर श्वास घेतात व वारंवार सुस्कारे टाकतात. ही सवय बदलता येते. पाठ ताठ ठेवून बसावे आणि एक हात पोटावर ठेवावा. नाकाने, पोट हळुवार फुगेल असा, चार आकडे मोजेपर्यंत बेताचा श्वास घ्यावा. मग सहा आकडे मोजत तो संथपणे सोडावा. श्वास ओढून भरू नये, कोंडूनही ठेवू नये. मन स्वस्थ असताना दररोज दहा मिनिटे हा सराव केल्यास प्रसंगी तो उपयोगी पडतो. घरात आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही. भस्त्रिकेसारखे जलद श्वसनाचे प्रकार मात्र अशा व्यक्तींनी आपल्या मनाने करू नयेत. कागदी पिशवीत श्वास घेण्याची जुनी युक्तीही टाळावी. हृदयविकार किंवा दमा असल्यास ती जिवावर बेतू शकते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. छातीत प्रथमच दुखू लागले, वेदना हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, घाम सुटला अथवा शुद्ध हरपली, तर ते 'मनाचे' आहे असे ठरवून घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. दमा, रक्तक्षय व थायरॉइडचे विकार यांतही अशीच लक्षणे दिसतात. तपासणीत असे काही आढळले नाही, तर मात्र दुखणे खोटे, असा निष्कर्ष काढू नये. भयाचा झटका साधारणतः दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो व मग ओसरतो. पण तो पुन्हा येईल या धास्तीने माणूस बाजार, प्रवास, शाळा, नोकरी एकेक करून सोडू लागतो. खरी हानी येथे होते. कोणी याला बाधा मानून भगताकडे जातो, तर कोणी नाटक समजून हसतो. आणि उपचाराचा काळ वाया जातो. समुपदेशन व औषधे यांनी हा विकार आटोक्यात येतो.

शिक्षकांनी परीक्षेच्या वेळी कासावीस झालेल्या मुलाला न रागावता बाजूस बसवावे आणि त्याच्याबरोबर स्वतःही सावकाश श्वास घ्यावा. ग्रामसेवक व आरोग्य कर्मचारी यांनी अशा कुटुंबास प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, ही माहिती प्रत्येक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर असावी.

शेजारी कोणी घाबरून धापा टाकू लागला, तर त्याच्याभोवती गर्दी करू नये. शांत स्वरात त्याला एवढेच सांगावे: "घाई नाही. श्वास हळूहळू सोड." ते वाक्य साधे आहे, परंतु सांगणाऱ्याचा स्वतःचा श्वास संथ असेल, तरच ऐकणाऱ्याला त्याचा आधार वाटेल.