लेकीला सांगायची गोष्ट

श्रोतेहो, आमची दत्तक लेक चार वर्षांची असताना बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात शेजारच्या मावशींनी तिच्यासमोरच मला विचारलं, "हिला सांगितलंत का हो?" मी गप्प झाले. त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही.

तेव्हा मला लिसा स्थळेकरची गोष्ट आठवली. ती १९७९ मध्ये पुण्यात जन्मली. ससून रुग्णालयाच्या 'श्रीवत्स'मध्ये तिचं नाव लैला होतं. मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी सू परदेशातून आले होते ते मुलगा दत्तक घ्यायला. घेऊन गेले तीन आठवड्यांची ही मुलगी! घरी आधीची एक दत्तक मुलगी होतीच. अमेरिका, केनिया करत कुटुंब सिडनीत स्थिरावलं. वडिलांनी क्रिकेटची गोडी लावली. लिसा ऑस्ट्रेलियाकडून खेळली, संघाची कर्णधारही झाली. २०१३ चा विश्वचषक तिच्या संघानं मुंबईतच जिंकला आणि तिनं निवृत्ती घेतली.

मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. मोठेपणी ती 'श्रीवत्स' पाहायला येऊन गेली. आपली सुरुवात कुठं झाली, हे तिच्यापासून कुणी लपवलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी आम्ही लेकीला रिक्षात बसवून तिच्या संस्थेत नेलं. म्हटलं, "इथं तू आम्हाला भेटलीस." तिनं विचारलं, "मी रडत होते?"

"तू नाही गं, आम्हीच रडत होतो."

श्रोतेहो, ही गोष्ट मुलांना जिन्यात कळू देऊ नका. ती आपणच सांगायची असते.