‘फेअर’ म्हणजे गोरी की रास्त?

आज एका इंग्रजी शब्दाविषयी बोलूया. आपल्या पाटीवर मराठीत ‘रास्त भाव दुकान’ असतं, त्यालाच इंग्रजीत ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणतात. मुलं शाळेची ‘फेअर वही’ पूर्ण करतात. आणि मुलीच्या बायोडेटात आपण लिहितो, ‘रंग : फेअर’.

शब्द एकच, मग अर्थ इतके कसे?

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता सुंदर, मनाला बरं वाटणारं. पुढे त्याला फाटे फुटले. डाग नसलेलं, स्वच्छ ते फेअर. म्हणून खाडाखोड नसलेली वही फेअर. भेदभाव न करणारं, न्यायाचं तेही फेअर. म्हणून फेअर प्राइस. आणि उजळ कातडीलाच लोक सुंदर मानू लागले, तेव्हा गोरी तीच फेअर झाली. जत्रेला ‘फेअर’ म्हणतात तो शब्द मात्र निराळा, लॅटिनमधल्या सणाच्या सुट्टीवरून आलेला.

गोरेपणाचा हट्ट आपल्याकडे आधीपासूनच होता. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आली आणि तो ट्यूबमधून घरोघरी पोचला. २०२० साली कंपनीने नावातला ‘फेअर’ काढला. बायोडेटातला अजून निघालेला नाही.

आमच्या एका गटाचा हिशेब लिहिणारी मुलगी बी.कॉम. झालेली आहे. तिच्या बायोडेटात रंग वर आणि शिक्षण खाली होतं. ती म्हणाली, “ताई, बँकेत माझी सही चालते. तिथे कुणी रंग विचारत नाही.”

मराठीतला ‘रास्त’ फारसीतून आला. अर्थ सरळ, योग्य. मला ‘फेअर’चा हाच अर्थ जवळचा वाटतो. सारख्या कामाला बाईपुरुषांना सारखी मजुरी, हा कायदा १९७६ साली झाला. तरी खुरपणीला गेलेल्या बाईच्या हातावर किती पैसे पडतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलगी फेअर आहे का, हे सगळे विचारतात. तिची मजुरी फेअर आहे का, हे कोण विचारतं?

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत दोन कामं करा. कुणाच्या मुलीचा बायोडेटा लिहायचा असेल, तर रंगाची ओळ गाळा. आणि आपल्या गावात बाईची रोजची मजुरी किती, पुरुषाची किती, हे वहीत शेजारी शेजारी लिहा.