आधी मीटर वाचा



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. दोन बिलं थकली आणि तिसरं, थकबाकी धरून, 11,340 रुपयांचं आलं. एप्रिलच्या भर दुपारी वायरमन दारात, "उद्या पैसे भरा, नाहीतर लाइन कट." आत मुलगी घामोळ्यांनी रडत होती.

मी कुणाला काही बोललो नाही. एवढा शिकलेला आणि लाइट कापली जाणार, याची शरम वाटत होती. अम्मीने मात्र शेजारच्या खालांना सांगून टाकलं. खाला म्हणाल्या, "लाइट गेलीच तर बाळाला आमच्याकडे झोपवा. आणि बेटा, मीटर बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणारा मी, जिन्याखालचं स्वतःचं मीटर कधी वाचलं नव्हतं. मोबाइलच्या उजेडात पाहिलं. मीटरवर 8164, बिलावर 8614. आकड्यांची अदलाबदल, 450 युनिट जास्त.

रात्री विद्युत कायदा, 2003 वाचला. कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी ती हरकत नोंदवून भरता येते. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

सकाळी फोटो आणि अर्ज घेऊन गेलो, पोच घेतली. बिल दुरुस्त झालं. आधीची दोन बिलं खरी होती, ती हप्त्यांनी फेडली. हक्क मागताना देणं विसरायचं नसतं.

पण एक गोष्ट टोचते. छापील अर्ज बघून साहेबांनी मला खुर्ची दिली. माझ्यामागे एक भाभी उभ्या होत्या, कडेवर बाळ, हातात बिल. त्यांना "आधी पैसे भरा" एवढंच उत्तर मिळालं. मी पोच खिशात घालून निघून आलो. त्यांचं बिल बघायला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून आता आम्ही चार मित्र दर रविवारी मोहल्ल्यात बसतो, बिलं वाचतो, अर्ज लिहून देतो. भांडण वायरमनशी नाही, तोही पोटासाठीच फिरतो.

आज घरी गेलात की आपलं मीटर वाचा. मग शेजाऱ्यांचं.